तेरा आठवड्यांची बदली

बदलीची ऑर्डर निघाली की मराठी माणूस आधी वशिला शोधतो. ऑर्डर गडचिरोलीची असेल तर आईचा दमा बळावतो, बायकोची कंबर धरते आणि मुलगा एकदम दहावीत जातो. काही घरांत तो तीन-तीन वर्षं दहावीतच असतो. मंत्रालयात कुणाचा मेहुणा आहे याची चौकशी सुरू होते. अशा संस्कारांत वाढलेल्या मुलीनं अमेरिकेत जाऊन स्वतःच्या तोंडानं बदली मागून घ्यावी, तीही दर तेरा आठवड्यांनी, हे माझ्या आईला अजून पचलेलं नाही. सांगलीत तिनं शेजारीपाजारी "तिची परत बदली झाली" एवढंच सांगून ठेवलंय. मागून घेतली म्हटलं तर लोक जावयाबद्दल नाही नाही ते विचारतील, असं तिचं म्हणणं.

या धंद्याचं नाव ट्रॅव्हल नर्स. कुठल्यातरी गावातल्या हॉस्पिटलात नर्सेस कमी पडतात. कुणी बाळंतपणाच्या रजेवर, कुणी नोकरी सोडून गेलेली, त्यात हिवाळ्यातला फ्लू. मग एजन्सी मधे पडते आणि माझ्यासारखी कुणीतरी गाडीत प्रेशर कुकर घालून तिथे हजर होते. बारा तासांच्या तीन ड्युट्या, आठवड्याचे ३६ तास, असे १३ आठवडे. पैसे कायमच्या नोकरीपेक्षा बरे. शिवाय राहण्या-खाण्याचा भत्ता बिनकराचा. मात्र त्यासाठी बाईचं खरं घर दुसरीकडे आहे आणि तिथलाही खर्च ती भरतेच आहे, हे करखात्याला पटावं लागतं. आमचं खरं घर डॅलसजवळ. तिथे नवरा, मुलगी आणि तुळस. एकाच गावात वर्षाच्या वर रेंगाळलात तर करखातं म्हणतं, आता हेच तुमचं घर. यात करखातं माझ्या सासूबाईंपेक्षा पुष्कळ सैल आहे. त्यांच्या हिशेबात पाहुणा तिसऱ्या दिवशी घरचा होतो आणि चौथ्या दिवशी त्याला भाजी निवडायला बसवतात.

निघण्याआधी कागद. सरकारी कारभाराला नावं ठेवणाऱ्यांनी एकदा ट्रॅव्हल नर्सची फाइल बघावी. गोवर, कांजिण्या, कावीळ यांची प्रतिकारशक्ती रक्तात आहे का, त्याचा रिपोर्ट. हृदय बंद पडल्यावर काय करायचं याची दोन वेगवेगळी सर्टिफिकेटं. लघवीत अंमली पदार्थ नाहीत याचा दाखला. मग कौशल्यांची यादी. तीत शेकड्यांनी कामं असतात आणि प्रत्येकापुढे आपणच आपल्याला एक ते चार मार्क द्यायचे. आपल्याकडे पुरणपोळीत हात धरणारं कुणी नसलेली बाईसुद्धा "करते आपली बाई कशीतरी" म्हणते. सगळीकडे चार लिहिताना माझा हात अजून आखडतो. एजन्सीची रिक्रूटर म्हणते, चारच लिही, तीन लिहिलंस तर त्यांना वाटेल काहीतरी गडबड आहे. ही रिक्रूटर फोनवर इतकी आनंदात असते की तिची साखर एकदा तपासून बघावीशी वाटते.

टीबीच्या चाचणीचा तर दरवेळी नवा प्रवेश. माझ्या दंडावर माझ्या पिढीतल्या बहुतेक भारतीयांसारखा बीसीजीचा व्रण आहे. अमेरिकेत ही लस सरसकट देत नाहीत. ती घेतलेल्यांची कातडीत सुई टोचून करायची टीबीची चाचणी उगाचच सुजून लाल होऊ शकते, आणि मग समोरची बाई खुर्ची हळूच मागे सरकवते. म्हणून मी आधीच बाही वर करून सांगते, बाई गं, रक्ताची चाचणी कर, तिला बीसीजीनं फरक पडत नाही.

एन-९५ मास्क नीट बसतो की नाही हे बघायची परीक्षा मात्र मला मनापासून आवडते. डोक्यावर पारदर्शक टोपडं चढवतात, आत कडूजार फवारा मारतात आणि मान डावी-उजवीकडे हलवत, पुढे वाकत, इंद्रधनुष्यावरचा एक उतारा मोठ्यानं वाचायला लावतात. तोंड कडू झालं तर मास्क नापास. चाळिशीतली मी टोपडं घालून इंद्रधनुष्याबद्दल वाचते आहे आणि एक गंभीर माणूस माझ्यावर फवारणी करतो आहे, हे दृश्य नवऱ्याला व्हिडिओ कॉलवर दाखवलं, तर तो म्हणाला, द्राक्षबागेत असंच करतात.

लायसन्सची गंमत वेगळी. अमेरिकेत नर्सचं लायसन्स राज्याचं असतं. पण २००० सालापासून काही राज्यांनी आपापसांत करार केला, आणि आता चाळीसच्या वर राज्यं एकमेकांचं लायसन्स मानतात. टेक्सास त्यात आहे, नॉर्थ डकोटाही आहे. म्हणून मी फार्गोचं काम घेतलं. फार्गोला खेटून रेड रिव्हर वाहते आणि पुलापलीकडे मूरहेड गाव लागतं. ते मिनेसोटात, आणि मिनेसोटा अजून त्या करारात आलेलं नाही. थोडक्यात, पुलाच्या अलीकडे मी अतिदक्षता विभागापर्यंत कुठेही चालणारी सिस्टर आणि पलीकडे भाजी घ्यायला आलेली बाई. इंडियन किराणा कुठल्या बाजूला आहे यावरून माझी पात्रता बदलते.

डॅलसहून फार्गो हजार मैलांच्या वर. ओक्लाहोमा, कॅन्सस, मग इंटरस्टेट २९ धरून सरळ उत्तरेला. जानेवारीत तिथे पोहोचल्यावर पहिली गोष्ट दिसली ती म्हणजे गाड्यांना शेपट्या. प्रत्येक गाडीच्या नाकातून विजेचा प्लग लोंबत होता. उणे तीसमध्ये इंजिन गोठू नये म्हणून त्याला आत हीटर असतो आणि रात्री गाडी भिंतीतल्या सॉकेटला लावून झोपवतात. माझ्या टेक्सासी गाडीला शेपूट नव्हतं. घरमालक आजोबांनी तिच्याभोवती दोन चकरा मारल्या, बॉनेटवर हात ठेवला आणि हिला या हवेत कुणी आणलं अशा नजरेनं माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच ओळखीच्या मेकॅनिकनं हीटर बसवून दिला. माझी खोली त्यांच्या बेसमेंटमध्ये. भिंतीवर हरणाचं डोकं. नाइट करून आले की सकाळी आठ वाजता आम्ही दोघं एकमेकांकडे बघत झोपायचा प्रयत्न करतो. त्यानं अजून एकदाही डोळा मिटलेला नाही.

आता वॉर्ड. लोकांना वाटतं, नव्या हॉस्पिटलात नर्सला भीती वाटत असेल ती आजारांची. आजारांचं काही नाही. माणसाचं शरीर सगळीकडे तेच. फुप्फुस फार्गोतही छातीतच असतं. वीस नंबरचं इंट्राकॅथ मिरजेत शिकताना गुलाबी होतं, इथेही गुलाबीच आहे. बावीसचं निळं, अठराचं हिरवं. फक्त ते कुठल्या खणात आहे हे कुणी सांगत नाही. या धंद्यातली खरी विद्या ही एवढीच: स्टोअररूम.

दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात साखर शोधणं जसं, तसं हे असतं. बोर्नव्हिटाच्या बाटलीत तूरडाळ, बिस्किटांच्या डब्यात सुईदोरा, आणि साखर कुठे विचारलं तर घरची बाई म्हणते, "ही काय, इथेच तर आहे!" स्टोअररूममध्ये 'ड्रेसिंग' लिहिलेल्या खणात नळ्या असतात. नळ्यांच्या खणात कुणाच्या तरी वाढदिवसाच्या मेणबत्त्या. सलाईन फ्लश हवे असतील तर ते "पूर्वी जिथे ठेवायचे तिथे" आहेत. पूर्वी म्हणजे मी टेक्सासात असताना. ओरिएंटेशनच्या दिवशी आगीचा सिलिंडर कसा वापरायचा, संगणकावर पाठीचा कणा कसा जपायचा, यावर तासन् तास जातात. मग एका शिफ्टसाठी एक अनुभवी बाई सोबत देतात. ती चालता चालता बोट दाखवत सुटते: हे क्लीन युटिलिटी, हे डर्टी युटिलिटी, ही बर्फाची मशीन, ही बिघडलीय, ती वापरू नकोस, ती चालते पण ती दुसऱ्या वॉर्डाची. मी मान डोलावते. दुसऱ्या रात्री पूर्ण पेशंट माझ्या नावावर.

स्टाफच्या बाथरूमला आकडी कुलूप असतं. कोड विचारला तर जुन्या नर्सना तो सांगताच येत नाही. त्यांच्या बोटांना येतो. एकीनं हवेत बोटं नाचवून दाखवली, दुसरीनं "वर, मधे, खाली, परत मधे" असं कथकच्या बोलांसारखं म्हणून दाखवलं. माझी तेव्हाची निकड लक्षात घेता हे फार कलात्मक होत होतं.

औषधांचं कपाट यंत्राचं. बोटाचा ठसा घेतल्याशिवाय ते पॅरासिटमॉलसुद्धा देत नाही, आणि नव्या माणसाचा ठसा त्यात चढायला दोन-चार दिवस लागतात. तोवर प्रत्येक गोळीसाठी कुणाला तरी हाक मारायची. त्यात दिवसातून पन्नास वेळा हात धुऊन आणि स्पिरिट चोळून नर्सच्या बोटावर ठसा उरतो किती? यंत्र मला नाकारतं, मी बोटावर फुंकर घालते, परत लावते. मागे रांग.

रंगांचे कोड तर विचारू नका. ब्लू म्हणजे कुणाचं तरी हृदय थांबलं, रेड म्हणजे आग, इथपर्यंत बहुतेक ठिकाणी एकमत. पुढचे रंग हॉस्पिटलगणिक बदलतात. म्हणून ओळखपत्रामागे एक रंगीत कार्ड लटकवतात. स्पीकरवर रंग पुकारला की जुन्या नर्सेस धावतात आणि ट्रॅव्हल नर्स आधी कार्ड उलटते, मग धावते.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल ही आमची मूळ ट्रॅव्हल नर्स, असं माझं मत आहे आणि ते मी कुणाच्याही मान्यतेसाठी थांबवून ठेवलेलं नाही. १८५४च्या ऑक्टोबरात ती ३८ जणींना घेऊन लंडनहून निघाली आणि नोव्हेंबरात तुर्कस्तानात स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात पोहोचली. तिथल्या डॉक्टरांनी सुरुवातीला या बायकांना पेशंटला हात लावू दिला नाही. लढाईतल्या जखमींचा लोंढा आला, तेव्हा कुठे बोलावणं झालं. आणि सामान? सामान पुष्कळदा गावात येऊन पडलेलं असायचं, पण ते कोठारातून सोडायला कागद लागायचे आणि कागदावर सही करणारा साहेब जागेवर नसायचा. शेवटी तिनं बाजारातून वस्तू विकत आणायला लावल्या. दिव्याची चित्रं सगळ्यांना माहीत आहेत. माझी खात्री आहे की ती निम्म्या रात्री त्या दिव्यानं कपाटं धुंडाळत असणार.

माझा दिवा म्हणजे सफाईच्या कामावरच्या एक बाई. आपल्याकडे वॉर्डातल्या मावशींना जसं सगळं ठाऊक असतं, तसं यांना. डॉक्टर कुठे झोपतो, कुठल्या कॉटचं चाक अडतं, गरम ब्लँकेटचं कपाट कुठल्या वळणावर. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला ब्लँकेटं शोधताना पाहिलं आणि मॉप थांबवून विचारलं, "दीदी, आप इंडिया से?" त्या भूतानमधल्या नेपाळी. तिथून हाकलल्यावर नेपाळातल्या निर्वासितांच्या छावणीत कित्येक वर्षं, मग अमेरिका, मग फार्गो. त्यांच्यासारखी बरीच कुटुंबं या गावात आहेत. हिंदी त्यांना सिनेमांनी शिकवली. बदलीबद्दल तक्रार करायची झाली तर त्यांच्यासमोर करायची नाही, एवढं मला लगेच कळलं. मी बाथरूमच्या कोडचं गाऱ्हाणं सांगितलं. त्यांनी चार आकडे शांतपणे, एकेक करून सांगितले. त्या दिवसापासून मी त्यांना मेट्रन मानते.

ट्रॅव्हलरच्या वाट्याला आणखी एक मान असतो. दुसऱ्या वॉर्डात माणूस कमी पडलं की पहिल्यांदा उचलबांगडी तिची. त्याला फ्लोटिंग म्हणतात आणि ते करारात छापलेलं असतं. हॉस्पिटल एक, पण स्टोअररूम तीन. अशा एका रात्री तिथली इन्चार्ज माझ्यापुढे अगदी हात जोडायच्या बेतात आली. "सॉरी, तुला आज पाच पेशंट द्यावे लागताहेत." कॅलिफोर्नियात साध्या वॉर्डात एका नर्सला पाचाच्या वर पेशंट द्यायला कायद्यानं बंदी आहे, नॉर्थ डकोटात तसा कायदा नाही, पण पाच म्हणजे जास्त हे तिथेही मानतात. मला आमच्याकडचा सरकारी वॉर्ड आठवला: चाळीस कॉट, दोन कॉटच्या मधे खाली गादी, आणि नाइटला मी नि एक विद्यार्थिनी. मी उदारपणे हसले. पहाटेपर्यंत हसू उतरलं. तिकडे चाळीस पेशंट आणि एक रजिस्टर होतं. इकडे पाच पेशंट आणि प्रत्येकाच्या कुशी बदलण्यापासून मनःस्थितीपर्यंत दर काही तासांनी संगणकात टिकमार्क. पेशंट झोपलाय हे लिहिण्यासाठी त्याला उठवायची वेळ येते.

मार्चमध्ये घड्याळं एक तास पुढे करतात. नाइट असेल तर मजा, दोनला थेट तीन वाजतात आणि ड्युटी अकरा तासांची. नोव्हेंबरात ती उसनवारी फेडावी लागते. एक ते दोन हा तास दोनदा येतो आणि दीड वाजता दिलेलं औषध कुठल्या दीडला दिलं, यावर सकाळी चर्चा होते.

गावचे पेशंट हा स्वतंत्र विषय. एक शेतकरी आजोबा बर्फावर घसरून खुब्याचं हाड मोडून आलेले. वेदना शून्य ते दहापैकी किती, असं मी विचारलं. बराच विचार करून म्हणाले, "दोन. फार तर अडीच." हात मात्र कॉटच्या कठड्यावर असे आवळलेले की बोटांची पेरं पांढरी. इथे कण्हणं हे उधारी मागण्याइतकं लाजिरवाणं समजतात. चार्टवर मी आकडा दोनच लिहिला, पुढे मुठीचं, घामाचं आणि नाडीचं वर्णन लिहिलं आणि डॉक्टरांना फोन लावला.

औषध लागू पडल्यावर आजोबा खुलले. मी कुठली, विचारलं. नदीकाठच्या गावची, म्हटल्यावर त्यांनी रेड रिव्हरचा पूर काढला. ही नदी उत्तरेला वाहते. वसंतात दक्षिणेचं बर्फ आधी वितळतं, पाणी निघतं, आणि पुढे उत्तरेला नदी अजून गोठलेलीच. मग पाणी जाणार कुठे? २००९ साली फार्गोत पातळी ४०.८ फुटांवर गेली, सगळं गाव वाळूच्या पिशव्या भरत होतं, आजोबांनी स्वतः किती भरल्या तेही सांगितलं. ते थांबल्यावर मी म्हटलं, सांगलीत आयर्विन पुलापाशी चाळीस फूट ही कृष्णेची नुसती इशारा पातळी. धोका पंचेचाळिसाला. २०१९ साली तर पन्नासही मागे पडलं होतं. आजोबा बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलानं, सुनेनं आणि शेजारच्या खोलीतल्या पेशंटनंही मला येऊन आदरानं पुराबद्दल विचारलं. दोन पुलांवरच्या पट्ट्यांचं शून्य वेगवेगळ्या उंचीवर असतं, हे मी कुणालाही सांगितलं नाही.

हे लोक एरवी पुराव्याशिवाय पट्टीसुद्धा बदलत नाहीत. पण "आज वॉर्ड शांत आहे" असं म्हणायची इथे कुणाची हिंमत नाही. म्हटलं की अर्ध्या तासात तीन ॲडमिशन, एक पडलेला पेशंट आणि एक कोड ब्लू. नवख्या डॉक्टरनं तो शब्द उच्चारला, तर सगळ्यांनी त्याला असं फैलावर घेतलं की मला वाटलं आता मीठमोहऱ्या मागवणार. पौर्णिमेलाही सगळ्या धास्तावलेल्या असतात. माझी आई अमावास्येला घराबाहेर पडू देत नाही. दोघींच्या पंचांगांचा मेळ घातला तर महिन्यात काम करायला फार थोडे दिवस उरतात.

ओळख वाढली ती जेवणावरून. कुणाच्या तरी निवृत्तीनिमित्त सगळ्यांनी घरून एकेक पदार्थ आणला. बटाट्याच्या कुरकुरीत गोळ्या वर पसरलेला हॉटडिश, त्याच्या चार आवृत्त्या. आणि एका ताटलीत पातळ, मऊ, तपकिरी ठिपक्यांच्या पोळ्या. या भागात नॉर्वेहून आलेल्यांची वस्ती जुनी. त्यांची ही लेफ्सा. बटाट्याची, खाचा पाडलेल्या लाटण्यानं लाटलेली, लांब पट्टीनं उलटलेली, आणि आत लोणी-साखर लावून गुंडाळी. मी पहिला घास घेतला आणि ब्रेकरूममध्ये उभ्या उभ्या माझी शाळा सुटली. तूपसाखर-पोळीचा रोल! आणणाऱ्या बाईला मी तो डाव्या हातात धरून, खालचं टोक दुमडून खाऊन दाखवला, म्हणजे लोणी कोपरापर्यंत ओघळत नाही. त्यांच्याकडे शतकभर ही युक्ती पोहोचलेली दिसत नव्हती. पुढच्या ड्युटीला तिनं माझ्यासाठी वेगळा डबा आणला, आणि त्या रात्रीपासून मला कुणी "ट्रॅव्हलर" म्हणेना. माझ्या नावातल्या जोडाक्षराशी सगळ्या झटापट करू लागल्या.

म्हणजे आता निघायची वेळ झाली, हे ओळखावं. दहाव्या-अकराव्या आठवड्यात रिक्रूटरचा फोन येतोच. इथेच अजून तेरा आठवडे थांबतेस की ॲरिझोना बघू? खरं सांगायचं तर ॲरिझोनात गाडीला शेपूट लागत नाही आणि मुलीलाही सुट्टीत येता येईल. पण इथे मला आता अंधारात फ्लश सापडतात. बाथरूमचं कुलूप माझी बोटं आपोआप उघडतात. कोड मला विचाराल तर सांगता येणार नाही. नवऱ्यानं तुळशीचा फोटो पाठवला, ती जिवंत होती. मी मुक्काम वाढवला.

सही केल्याच्या पुढच्या सोमवारी कुणी एक सल्लागार आले. मोटारीच्या कारखान्यांत चालते तशी शिस्त हॉस्पिटलात आणायची म्हणून त्यांनी सबंध स्टोअररूम रिकामी केली, खणांना नवे रंग दिले, नवी लेबलं लावली आणि विमान पकडून निघून गेले. रात्री साताला मी ड्युटीवर आले तेव्हा वीस-वीस वर्षं इथे काढलेल्या नर्सेस कपाटांपुढे उभ्या होत्या. ओरिएंटेशनला मला बोट दाखवत फिरवणारी बाई 'ड्रेसिंग' लिहिलेला खण उघडून आत बघत होती. आत खरोखर ड्रेसिंग होतं, आणि त्यामुळे ती फारच गोंधळली होती.

"तुम्ही लोक हे दर तीन महिन्यांनी कसं करता?" तिनं मला विचारलं.

मी बाह्या सारल्या. म्हटलं, खालच्या खणापासून सुरू करायचं आणि वाटेत मेणबत्त्या लागल्या तर बाजूला काढून ठेवायच्या, त्या पुढे लागतात.